पाठीवर सॅक, छातीवर पिस्तूल: ग्रिझलीच्या मुलखात होल्स्टर कसं बांधावं

सॅकचा कंबरपट्टा आणि पिस्तुलाचं होल्स्टर (पिस्तूल अडकवायचं म्यान), दोघांनाही नेमकी एकच जागा हवी असते: कमरेच्या हाडाची वरची कड. नीट बांधलेल्या सॅकचं बहुतेक वजन या कडेवर टेकतं. आणि अमेरिकेत रोज पिस्तूल बाळगणारी माणसं ते पॅन्टच्या पट्ट्याला अडकवतात, तेही इथेच. शहरातली ही सवय घेऊन कुणी १५ किलोची सॅक पाठीवर घातली, की दोन किलोमीटरच्या आत तीन गोष्टी होतात. पिस्तुलाची मूठ बरगड्यांखाली रुतायला लागते. कंबरपट्टा त्या बाजूने वर चढतो, सॅक तिरकी होते आणि भार एका खांद्यावर जातो. आणि तिसरी सगळ्यांत वाईट: पट्टा आवळला की पिस्तूल होल्स्टरमधून निघतच नाही.

हा प्रश्न मुख्यतः अलास्का, मोंटाना, वायोमिंग आणि आयडाहोतल्या ग्रिझली अस्वलांच्या प्रदेशातला. तिथे मासेमारीचे गाइड, भूमापक, शिकारी आणि काही ट्रेकर पिस्तूल घेऊन चालतात. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी ते वजन उचलण्यात फारसा अर्थ नाही. अ‍ॅपलाचियन ट्रेल १४ राज्यांतून जाते. त्यातली न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स यांसारखी राज्यं दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाहीत. त्या वाटेवर पिस्तूल म्हणजे किलोभर कायदेशीर डोकेदुखी.

आधी कायदा, कारण इथली चूक दुरुस्त होत नाही

अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी हा भाग आधी वाचावा. एच-१बी, एफ-१, बी-१/बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्यानुसार बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. वैध शिकारीचा परवाना असणं हा त्याला एक ठळक अपवाद, पण तो वापरण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं. मित्राचं पिस्तूल ‘थोडा वेळ धर’ म्हणून हातात घेतलं तरी ते बाळगणंच ठरू शकतं. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही अट नाही. त्यांना राज्याचा कायदा पाहावा लागतो.

राष्ट्रीय उद्यानांत २२ फेब्रुवारी २०१० पासून, ज्या राज्यात उद्यान आहे त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे बंदूक नेता येते. नेता येते, उडवता येत नाही. शिवाय व्हिजिटर सेंटर, रेंजर स्टेशन अशा फेडरल इमारतींत ती नेणं हा गुन्हा आहे, दारावर तशी पाटी असते. मोंटानातल्या ग्लेशिअर उद्यानाला लागून कॅनडाचं वॉटरटन उद्यान आहे. सरोवराच्या बाजूने चालत सीमा ओलांडायचा बेत असेल तर पिस्तूल घरी ठेवा. रस्त्याने कॅनडामार्गे अलास्काला जाणाऱ्यांनाही हेच लागू.

आणि महाराष्ट्रात? प्रश्नच नाही. शस्त्र कायदा, १९५९ आहेच. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात कुठलंही शस्त्र घेऊन शिरता येत नाही. कोयना असो की मेळघाट, इथे हा लेख फक्त पट्टे बांधण्यापुरता कामाचा.

जागा कुठली?

शरीरावर पाच-सहा जागा आहेत. त्यांतल्या बहुतेक लगेच बाद होतात.

मांडीवरचं होल्स्टर चित्रात रुबाबदार दिसतं. भरलेलं पिस्तूल किलोभराचं. ते मांडीला बांधलं की प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. दिवसाला वीस-पंचवीस हजार पावलं धरा. शिवाय मांडीचा पट्टा घामाने सरकतो, कातडी सोलतो आणि झुडपांत अडकतो.

सॅकच्या वरच्या खणात किंवा बाजूच्या खिशात ठेवलेलं पिस्तूल म्हणजे नुसतं सामान. ग्रिझली ताशी ५० किलोमीटरच्या आसपास धावतं, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. २५ मीटरवर दिसलेलं अस्वल दोन सेकंदांच्या आत तुमच्यापाशी असतं. तेवढ्यात चेनसुद्धा उघडत नाही.

सॅकच्याच कंबरपट्ट्यावर, खिशाच्या जागी होल्स्टर बसवणं बऱ्याच जणांना आवडतं, आणि चालताना ते खरोखर आरामाचं असतं, कारण वजन सॅकच्या चौकटीवर जातं. पण सॅक उतरवली की पिस्तूलही उतरलं. पाणी भरायला ओढ्यावर गेलात, झाडामागे गेलात, फोटो काढायला वीस पावलं पुढे गेलात, तर ते मागेच राहतं. नदी ओलांडताना बरेच जण कंबरपट्ट्याचं बकल सोडतात. त्या क्षणी किलोभराचं ओझं लोंबकळायला लागतं आणि तोल बिघडवतं. तरीही हीच पद्धत हवी असेल तर होल्स्टर पट्ट्याच्या पुढच्या भागात, कमरेच्या हाडाच्या पुढे आणा आणि ते आवळून बसणाऱ्या, कुलूप असलेल्या क्लिपांनी बसवा. नुसती स्प्रिंगची क्लिप झुडपातून जाताना निसटते.

पॅन्टच्या पट्ट्यावर, पण पाच ते आठ सेंटिमीटर खाली लोंबणारं होल्स्टर हा मधला मार्ग. मूठ सॅकच्या पट्ट्याखाली येते, त्यामुळे हात पोहोचतो. पण पिस्तूल तोलायला ३८ मिलिमीटर रुंदीचा ताठ पट्टा लागतो, आणि तो ताठ पट्टा सॅकच्या गादीखाली दिवसभर हाडावर दाबला जातो. दुपारपर्यंत तिथे लाल वळ उठतो. दहा किलोच्या आतल्या, एका दिवसाच्या सॅकला चालेल. त्यापुढे नको.

पोटावरची बंद थैली कंबरपट्ट्याच्या बकलखाली बसते. पिस्तूल दिसत नाही, हा तिचा मोठा फायदा. तोटा चढावर कळतो: गुडघा वर आला की थैलीवर आपटतो.

उरते ती छाती. अलास्कातले गाइड बऱ्याच वर्षांपासून तिथेच बांधतात, आणि त्याचं कारण साधं आहे. उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या टोकापासून कंबरपट्ट्याच्या बकलपर्यंतची जागा सॅक वापरत नाही. दोन्ही हात तिथे पोहोचतात, बसता येतं, गाडी चालवता येते, वेडर (मासेमारीची जलरोधक विजार) घालून पाण्यात उभं राहता येतं. सॅक उतरवली तरी पिस्तूल अंगावरच राहतं.

काय विकत घ्यावं

आधी पिस्तुलाचं वजन कबूल करा. १० मिमीचं ग्लॉक २० पूर्ण भरल्यावर सुमारे १.१ किलो भरतं. अडीच इंची नळीचं रुगर सुपर रेडहॉक अलास्कन, .४४ मॅग्नम या जोरदार गोळीचं, रिकामंच सव्वा किलोच्या आसपास. स्मिथ अँड वेसनचं हलकं ३२९ पीडी रिकामं सातशे ग्रॅमच्या पुढेमागे, पण .४४ च्या धक्क्याने मनगटाकडून त्याची किंमत वसूल करतं. वर होल्स्टर आणि हार्नेस, म्हणजे ते छातीवर धरून ठेवणारे खांद्या-पाठीवरचे पट्टे. म्हणजे एकंदर दीड किलो छातीवर लटकणार. सॅक आवरताना हा दीड किलो मोजायला लोक विसरतात आणि मग मान दुखते म्हणून हार्नेसला दोष देतात.

होल्स्टर कडक हवं, त्याच मॉडेलच्या मापाचं हवं आणि ट्रिगर पूर्ण झाकणारं हवं. कायडेक्सचं (एका कडक प्लॅस्टिकचं) असेल तर पाणी धरत नाही, ओढ्यात विसळता येतं, एका स्क्रूने पकड घट्ट-सैल करता येते. मात्र आत वाळू गेली की पिस्तुलाच्या स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) ओरखडे येतात. चामडं अंगाला मऊ आणि आवाज न करणारं, पण घाम आणि पाऊस पिऊन घेतं, आणि ओलं चामडं पिस्तुलाला गंज चढवतं. शेकोटीजवळ वाळवलं तर आकसतं आणि तडकतं. सावलीत, वाऱ्यावर, दिवसभर वाळू द्यावं लागतं. पावसाच्या प्रदेशात कायडेक्स घ्या. ‘सगळ्या मॉडेलांना बसेल’ असं सांगून विकली जाणारी नायलॉनची पिशवी घेऊच नका. ती बाहेरून दाबली की आतला ट्रिगरही दाबला जाऊ शकतो.

चेंबरमध्ये (नळीमागच्या घरात) गोळी ठेवून चालायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या प्रशिक्षणाचा प्रश्न आहे. ट्रिगर झाकणारं कडक होल्स्टर नसेल तर मात्र उत्तर एकच: नाही.

हार्नेसचे पट्टे २५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, पाठीकडे सपाट बसणारे असावेत. पाठीवर जिथे पट्टे एकत्र येतात तिथे प्लॅस्टिकची जाड कडी असेल तर ती सॅकच्या गादीखाली मणक्यावर रुतणार. दुकानात हीच एक गोष्ट आधी तपासा.

घरी बांधणी

पिस्तूल रिकामं करा: मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बाहेर, स्लाइड मागे, चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळीनेही चाचपून बघा. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर उघडून सगळी घरं मोजा. गोळ्या दुसऱ्या खोलीत. निळ्या प्लॅस्टिकचं सरावाचं पिस्तूल मिळालं तर उत्तम, पण त्याचं वजन कमी असतं, म्हणून शेवटची चाचणी खऱ्या रिकाम्या पिस्तुलानेच करावी लागते.

आता सॅक बाजूला ठेवून नुसतं हार्नेस घाला. अंगात ट्रेकला घालणार तोच टी-शर्ट आणि तोच फ्लीस. खांद्याचा पट्टा मानेच्या जवळ घ्या, खांद्याच्या टोकाकडे नको; टोकाकडे घेतला तर सॅकचा पट्टा त्याच्यावर चढतो आणि दोन्ही मिळून कातडी घासतात. होल्स्टर उरोस्थीच्या खालच्या टोकाशी आणा. छातीभोवतीचा पट्टा इतका आवळा की खोल श्वास घेताना अडत नाही, पण दोन बोटांपेक्षा जास्त सैलही राहत नाही. सैल हार्नेस पळताना उडतं. अति घट्ट हार्नेस चढावर दमवतं, आणि माणसाला वाटतं की आपलाच दम कमी पडतोय.

मग सॅक, हार्नेसच्या वरून. क्रम कधीही उलटा करू नका. सॅकमध्ये १२ ते १५ किलो भरा, तांदळाच्या पिशव्या किंवा पाण्याच्या बाटल्या चालतील. आधी कंबरपट्टा आवळा, मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरच्या लोड लिफ्टर दोऱ्या (सॅकचा वरचा भाग पाठीकडे ओढणाऱ्या), आणि सगळ्यांत शेवटी सॅकचा छातीवरचा छोटा पट्टा. खरी गडबड या छोट्या पट्ट्याची. बहुतेक सॅकवर तो वर-खाली सरकतो. तो वर, गळपट्टीच्या हाडाखाली तीन-चार बोटांवर न्या. खाली राहिला तर तो मुठीवरून जातो आणि पिस्तूल अडकवून ठेवतो. सरकत नसेल तर तो न लावता चालून बघा. सॅकची कंबर नीट बसली असेल तर त्याच्यावाचून फारसं अडत नाही.

पाण्याची नळी ज्या हाताने पिस्तूल काढणार त्याच्या उलट्या खांद्यावरून घ्या. जॅकेटच्या कमरेच्या दोरीचं प्लॅस्टिकचं बोंड, गळ्यातली शिट्टी, कॅमेऱ्याचा पट्टा, नकाशाची दोरी, छातीवरून लोंबणारं जे काही असेल ते काढा किंवा आत खोचा. पिस्तूल परत ठेवताना असं बोंड होल्स्टरच्या तोंडात शिरतं, ट्रिगरमध्ये अडकतं आणि ढकलताच गोळी सुटते. अशा दुर्घटना घडलेल्या आहेत, आणि त्या ओढताना नव्हे, ठेवताना घडतात.

आता हालचाल. खुर्चीवर पाय ठेवून उंच पायरी चढा: मांडी नळीच्या टोकाला लागते का? लागत असेल तर होल्स्टर दोन-तीन सेंटिमीटर वर घ्या किंवा जास्त आडवं करा. वाका, बुटाची नाडी बांधा. होल्स्टर हनुवटीकडे झोपत असेल तर छातीभोवतीचा पट्टा सैल आहे. जमिनीवर बसून सॅकसकट उठा. मग जिन्यावर अर्धा तास वर-खाली. घरी दहा मिनिटांत जे टोचतं ते डोंगरात तिसऱ्या तासाला रक्त काढतं.

ज्यांचं धड आखूड आहे त्यांना छाती आणि बकल यांच्यामध्ये जागाच कमी मिळते. त्यांनी लांब नळीचं पिस्तूल टाळावं आणि होल्स्टर जवळजवळ आडवं बसवावं. स्त्रियांसाठी बहुतेक वेळा होल्स्टर छातीखाली, बरगड्यांच्या कडेवर बसवणं सोयीचं पडतं. त्यासाठी खांद्याचा पट्टा वाढवावा लागतो आणि कंबरपट्ट्याचं बकल दोन बोटं खाली घ्यावं लागतं. जागा तरीही पुरत नसेल तर पोटावरची थैली बघा. ओढूनताणून हार्नेस बसवण्यात हशील नाही.

सगळं जमलं की प्रत्येक पट्ट्यावर, बकलपाशी, मार्करने खूण करा. एक टी-शर्टची, दुसरी जाड जॅकेटची. या दोन खुणांत साधारण पाच ते सात सेंटिमीटरचा फरक येतो.

होल्स्टरच्या स्क्रूंना निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि स्क्रूच्या डोक्यापासून होल्स्टरपर्यंत नेलपॉलिशची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. पकड तपासायला रिकाम्या पिस्तुलासकट होल्स्टर गादीवर उलटं धरून जोरात हलवा. पडलं, तर स्क्रू पाव फेरा आवळा.

काढणं आणि ठेवणं

छातीवरच्या होल्स्टरची एक उणीव लपवण्यासारखी नाही: नळी आडवी असते. उजव्या हाताच्या माणसाच्या हार्नेसमध्ये ती डावीकडे आणि खाली रोखलेली असते, आणि काढताना तुमचाच डावा दंड किंवा कोपर तिच्या वाटेत येऊ शकतो. म्हणून डावा हात आधी उचलून, तळवा छातीवर वरच्या बाजूला टेकवायचा. मग उजव्या हाताने पूर्ण मूठ पकडायची, बोट ट्रिगरपासून दूर, चौकटीवर सरळ. पिस्तूल होल्स्टरच्या रेषेत पूर्ण बाहेर येऊ द्यायचं आणि मगच पुढे वळवायचं. चालताना सोबत्याला नळीच्या बाजूला ठेवू नका. पुढे-मागे चालणं ठीक.

ठेवताना घाई नाही. थांबा, होल्स्टरच्या तोंडाकडे बघा, कापड-दोरी काही नाही ना ते बघा, आणि मग सावकाश. हा सराव रिकाम्या पिस्तुलाने, सॅक आणि पावसाळी जॅकेट घालून, रोज दहा-पंधरा वेळा, आठवडाभर करावा. शेवटी प्रशिक्षकासोबत नेमबाजीच्या रेंजवर. छातीवरून काढायला सगळ्या रेंज परवानगी देत नाहीत, आधी विचारा.

ट्रेकिंग पोल वापरत असाल तर दाट विलो किंवा आल्डरच्या झुडपात शिरताना मनगटाचे पट्टे काढून टाका. हातात अडकलेला पोल झटकण्यातच वेळ जातो. पाऊस आला की लोक होल्स्टरवरून जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढतात, आणि पिस्तूल तिजोरीत गेल्यासारखं होतं. हार्नेस जॅकेटच्या वर घाला. दुसरी खूण त्यासाठीच केली होती. नाहीतर दोन्ही बाजूंनी उघडणारी चेन असलेलं जॅकेट घ्या आणि खालून अर्धं उघडं ठेवा.

स्प्रे आधी

पिस्तूल असलं तरी बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा, हवाच. अलास्कातल्या प्रसंगांवरून केलेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपकिरी अस्वलांचं (ग्रिझली त्यांतलंच) नको ते वागणं स्प्रेने ९२ टक्के वेळा थांबलं होतं. धावत येणाऱ्या जनावरावर, हात थरथरत असताना पिस्तूल रोखणं हे पोस्टरवरच्या नेमबाजीसारखं नसतं. स्प्रेचा ढग पसरतो, नेम थोडा चुकला तरी चालतं. डबा किमान ७.९ औंसांचा, म्हणजे सुमारे २२५ ग्रॅमचा घ्या आणि त्यावरची मुदत बघा.

तो सॅकच्या कंबरपट्ट्यावर, पिस्तूल न काढणाऱ्या हाताच्या बाजूला लावा. डावा हात स्प्रेचा, उजवा पिस्तुलाचा, असं एकदा ठरलं की बदलायचं नाही. सॅक उतरवताना स्प्रेही काढून सोबत घ्या. बाटलीच्या जाळीत खोचलेला स्प्रे म्हणजे नसल्यासारखाच. डबा विमानात चालत नाही, ना हातात ना सामानात. तिथे उतरून विकत घ्यावा लागतो. आणि कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत तो नेण्यावर बंदी आहे.

मुक्कामावर

छातीवरचं पिस्तूल दिवसभर घामात असतं, मिठाचं पाणी सतत लागतं. संध्याकाळी ते सुरक्षित दिशेला धरून रिकामं करा, किंचित तेल लावलेल्या फडक्याने पुसा, मॅगझिनमधली धूळ झटका, होल्स्टरच्या आतली वाळू फुंकून किंवा पाण्याने काढा. स्टेनलेस असलं तरी गंजतच नाही असं नाही. स्क्रू आणि मॅगझिनची स्प्रिंग आधी धरतात. खांद्यावर, पाठीवर लाल रेघा उठल्या असतील तर तिथे पट्टा पिळलेला आहे. रात्रीच घाणेरड्या मोज्याचा तुकडा कापून खाली गादी करा. सकाळपर्यंत कातडी विसरते, पट्टा विसरत नाही.

तंबूत पिस्तूल होल्स्टरमध्येच, रोज एकाच जागी, टॉर्चशेजारी, आणि नळी कुणाच्याही झोपण्याच्या दिशेने नाही. उशीखाली नाही, झोपण्याच्या पिशवीत नाही. जेवण, टूथपेस्ट, सुगंधी साबण सगळं अस्वलापासून सुरक्षित डब्यात, तंबूपासून शंभर मीटरवर.

ट्रेक संपवून गाडीपाशी आलात की परवाना दाखवायला किंवा स्वच्छतागृह शोधायला व्हिजिटर सेंटरमध्ये शिरण्याआधी हात छातीवर फिरवा. दोन दिवसांनी त्या दीड किलोची इतकी सवय झालेली असते की हार्नेस अंगावर आहे हेच लक्षात राहत नाही. पिस्तूल गाडीतच रिकामं करा, कुलूपबंद पेटीत ठेवा, पेटी तारेने सीटच्या चौकटीला बांधा. स्प्रेचा डबा मात्र उन्हातल्या गाडीत ठेवू नका. ५० अंशांच्या आसपास गेला की तो फुटू शकतो.